अनामिकेचा आवाज : पत्ररूप दीर्घकथेच्या अभिवाचनाचा एक प्रश्न

मूकवाचनासाठी लिहिलेली प्रेमकथा अभिनेत्री श्रोत्यांसमोर वाचते, तेव्हा ती केवळ श्राव्य होत नाही. तिच्या निवेदनव्यवस्थेतही बदल घडतो. या बदलाचे स्वरूप तपासण्यासाठी ऑस्ट्रियन लेखक स्टेफान झ्वाइग (१८८१-१९४२) यांची १९२२ साली प्रसिद्ध झालेली ‘अनोळखी स्त्रीचे पत्र’ ही दीर्घकथा येथे विचारात घेतली आहे.

व्हिएन्नातील ‘आर.’ या ख्यातनाम कादंबरीकाराला एक्केचाळिसाव्या वाढदिवशी एक निनावी पत्र मिळते. लिहिणारीने तेराव्या वर्षापासून त्याच्यावर प्रेम केले. त्याच्यापासून तिला झालेले मूल नुकतेच दगावले आहे. ती दोनदा, आयुष्याच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर, त्याच्या सहवासात आली. परंतु दुसऱ्या वेळीही त्याने तिला ओळखले नाही. उलट त्याने हळूच नोटा ठेवून तिच्या सहवासाची किंमत चुकती केली. त्याच्या वृद्ध नोकराने मात्र तिला क्षणात ओळखले. पत्र हाती पडते, तेव्हा ती हयात नाही.

ही स्त्री संहितेत अखेरपर्यंत नाव आणि चेहरा यांवाचून राहते. माक्स ओफ्युल्स यांच्या १९४८ सालच्या चित्रपटात तिला लिझा हे नाव आणि जोन फाँटेन यांचा चेहरा मिळाला. कादंबरीकाराचा पियानोवादक झाला. माध्यमाची ती गरज होती. अभिवाचनावर मात्र अशी सक्ती नसते. अभिनेत्री समोर दिसत असली, तरी तिच्या हातातील कागद श्रोत्याला सतत जाणवून देतो, की ही ती स्त्री नव्हे. हिच्या हाती तिचे पत्र आहे. म्हणून हुंदके आणि हातवारे येथे उपकारक ठरत नाहीत. भूमिकेत पूर्णपणे शिरलेली अभिनेत्री अनामिकेला ओळख बहाल करते आणि कथेचे मर्मच हिरावून घेते.

याहून महत्त्वाचा प्रश्न चौकटीचा आहे. कथेचा आरंभ व शेवट तृतीयपुरुषी निवेदनात आहे. वेळेच्या सोयीसाठी ही चौकट गाळून केवळ पत्र वाचले, तर एका दुःखी स्त्रीचे स्वगत तेवढे उरते आणि श्रोता तिच्याविषयी हळहळून मोकळा होतो. चौकट राखल्यास त्याच आवाजाला शेवटी तटस्थ होऊन ‘आर.’चे विस्मरण सांगावे लागते. दरवर्षी वाढदिवसाला येणारी पांढरी फुले यंदा आलेली नाहीत. निळी फुलदाणी रिकामी आहे. त्याला चेहरा आठवत नाही, केवळ दूरच्या संगीतासारखे काही जाणवते. पत्र ऐकताना श्रोताही नकळत त्याच्याच जागी बसलेला होता, हे त्या क्षणी उमगते.

मुंबईत १९९२ साली रंगमंचावर आलेल्या ‘तुम्हारी अमृता’मध्ये शबाना आझमी आणि फारूख शेख पत्रे वाचत, तेथे पत्राला उत्तर होते. झ्वाइग यांच्या कथेत उत्तर संभवतच नाही. हे मौन ऐकू येईल असे वाचणे, हीच या अभिवाचनाची कसोटी मानावी लागते. वर्गात ही कथा शिकवतानाही अध्यापकाने चौकटीसह, शक्य तितक्या सपाट स्वरात ती वाचून पाहावी. निवेदक आणि भावक यांच्या नात्याची जाण व्याख्येपेक्षा त्यातून अधिक स्पष्ट होईल.