काचेच्या पेटीतील शेजार

नदीतल्या माशाला शेजारी मानवला नाही, तर तो दूर निघून जातो. काचेच्या टाकीतल्या माशाला ही सोय नसते. त्याचा शेजार आपण ठरवतो, आणि तोही बहुधा दुकानात उभ्या उभ्या, दहा मिनिटांत. हा निर्णय घरी बसून, कागद-पेन्सिल घेऊन, आधीच व्हावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

मुंबईत मरीन ड्राइव्हवर १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले. ते पाहून परतताना ‘आपल्याही घरी मासे आणू या’ असा हट्ट कित्येक मुलांनी धरला असेल. हाटकेशमधील आमच्या घरी हा हट्ट पुरा झाला, तेव्हा आम्ही दोन एंजल व दहा निऑन टेट्रा एकत्र सोडले. सारेच लहान होते, सारेच सुंदर दिसत होते. काही महिन्यांत एंजल वाढले आणि निऑन एकेक करून नाहीसे होऊ लागले. रोग असावा असे वाटून आम्ही औषधही घातले. वस्तुतः तोंडात मावेल तो मासा एंजल गिळत होते. दोष त्यांचा नव्हता. आमच्या निवडीचा होता.

निवड करताना पाच गोष्टी पाहाव्यात.

पहिली गोष्ट आकार. दुकानातला मासा हे बहुधा पिल्लू असते. विचार पूर्ण वाढीचा करावा. बोटाएवढा ऑस्कर फूटभर होतो. ‘काच साफ करणारा’ म्हणून घेतलेला सकर त्याहूनही लांब होऊ शकतो.

दुसरी गोष्ट पाणी. गोल्डफिशला थंड पाणी मानवते आणि त्याची घाणही फार. उष्ण प्रदेशातील माशांत त्याला घालू नये. मॉलीला कठीण, अल्कधर्मी पाणी हवे, तर निऑनला मृदू व किंचित आम्लधर्मी. दोघांना एकाच पाण्यात ठेवले, तर एकाची कुचंबणा ठरलेली.

तिसरी गोष्ट स्वभाव. टायगर बार्ब लांब परांचे लचके तोडतो. त्याच्याजवळ गप्पी वा एंजल ठेवू नयेत. दोन नर फायटर तर एका टाकीत नकोतच.

चौथी गोष्ट संख्या. थव्याने राहणारा मासा एकटादुकटा ठेवला की भेदरतो किंवा दुसऱ्यांना छळतो. असे मासे निदान सहा हवेत. म्हणून लहान टाकीत जाती थोड्या आणि प्रत्येक जातीचे मासे अधिक, हे धोरण ठेवावे.

पाचवी गोष्ट थर. कोणी पृष्ठभागाजवळ राहतो, कोणी मध्यावर, कोणी तळाशी. थर वाटून दिले की गर्दी कमी भासते. मात्र पाणी सर्वांचे एकच असते, हे विसरू नये.

आता प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद व ३० उंच टाकीत हिशेबाने ५४ लिटर पाणी मावते. तळाचे खडे व वरची मोकळी जागा वजा जाता सुमारे ४५ लिटर उरते. एवढ्यात वरच्या थरासाठी सहा झेब्रा डॅनिओ आणि तळासाठी सहा कॉरिडोरास पुरेत. झेब्रा डॅनिओ आपल्याच उपखंडातला. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी गंगेच्या माशांवरील १८२२ च्या ग्रंथात त्याची नोंद केली. आज जगभरच्या प्रयोगशाळांत त्याच्यावर संशोधन चालते. त्याऐवजी श्रीलंकेचा शांत चेरी बार्बही चालेल. गप्पी हवे असल्यास केवळ नर ठेवावेत. मादी साधारण महिन्याला पिल्ले देते आणि टाकी बघता बघता भरते.

मासे आणण्यापूर्वी टाकी तयार हवी. माशांच्या विष्ठेतून व उरलेल्या खाद्यातून विषारी अमोनिया निर्माण होतो. त्याचे आधी नायट्राइट आणि मग कमी घातक नायट्रेट करणारे जीवाणू गाळणीत रुजायला चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून सारे मासे एकाच दिवशी सोडू नयेत. नळाच्या पाण्यातील क्लोरीन काढूनच ते वापरावे आणि दर आठवड्याला सुमारे चौथा हिस्सा पाणी बदलावे.

आणखी एक स्थानिक विचार. पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी विरघळतो. मे महिन्यातल्या दुपारी वीज गेली आणि पंप थांबला, तर खच्चून भरलेली टाकी आधी गुदमरते. थोडे मासे हाच अशा वेळी मोठा आधार.

एवढे करूनही एखादा मासा नकोसा झाला, तर तो दुकानदाराला परत द्यावा किंवा दुसऱ्या हौशी माणसाकडे सोपवावा. तलावात वा खाडीत मुळीच सोडू नये. दक्षिण अमेरिकेतला सकर आज भारतातील अनेक नद्या-तलावांत पसरून स्थानिक माशांच्या मुळावर उठला आहे, तो अशाच निष्काळजीपणामुळे. आपण टाकीत चुकीचा शेजारी घातला तर डझनभर मासे भोगतात; तलावात घातला तर सारा तलाव भोगतो.