दोन मापे

शास्त्रपाठ : उत्पत्ति २६:१२-३१, लेवीय १९:३३-३६, लूक ९:५१-५६ आणि १०:२५-३७



बंगळूर शहराच्या आग्नेयेस कोरमंगला नावाची वस्ती आहे. आपल्यापैकी पुष्कळांना ती सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालयामुळे ठाऊक आहे. १९९७ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी खेळाडूंची वसाहत येथेच उभारण्यात आली. २००७ मध्ये याच वस्तीतील एका लहानशा घरातून फ्लिपकार्ट ही कंपनी सुरू झाली. तेव्हापासून तर येथे देशाच्या प्रत्येक कोपऱ्यातून तरुणांचा ओघ लागला. कोणी संगणकावर काम करतो, तर कोणी त्याच इमारतीच्या दाराशी पहारा देतो. कोणी उपाहारगृहात थाळ्या उचलतो, कोणी रुग्णालयात शुश्रूषा करते. त्यांत मराठी आहेत, बिहारी आहेत, तसेच आसाम, नागालँड, मणिपूर व मिझोरमचेही आहेत. येथे शिकून कामाला लागलेली कित्येक मुले पुढे मेलबर्नला वा अमेरिकेला जातात. म्हणजे या एकाच वस्तीत लोक उपरी म्हणून येतातही आणि उपरी होण्यासाठी बाहेर पडतातही. आजच्या पाठाचा विषय समजून घेण्यास याहून योग्य जागा क्वचितच सापडेल.

१. परक्या देशात आपले लोक

१९७२ च्या ऑगस्ट महिन्यात युगांडाचा हुकूमशहा इदी अमीन याने तेथील आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडण्याचा हुकूम दिला. पिढ्यान्पिढ्या तेथे राहिलेले गुजराती व्यापारी आणि सरकारी कचेऱ्यांतून नोकरी करणारे गोवेकर यांना घरदार टाकून निघावे लागले. २००९ मध्ये ऑस्ट्रेलियात, विशेषतः मेलबर्न शहरात, भारतीय विद्यार्थ्यांवर एकामागून एक हल्ले झाले. ३१ मे रोजी हजारो विद्यार्थी तेथील रस्त्यावर उतरले. पुढे जानेवारी २०१० मध्ये रात्रीच्या कामावर निघालेल्या एका एकवीस वर्षांच्या भारतीय तरुणास उद्यानात भोसकून मारण्यात आले. २२ फेब्रुवारी २०१७ रोजी अमेरिकेतील कॅन्सस राज्यात ओलेथ या गावी एका मद्यालयात दोन भारतीय अभियंत्यांवर गोळ्या झाडण्यात आल्या व त्यांपैकी एक मरण पावला. माझ्या देशातून चालते व्हा, असे मारेकरी ओरडला होता.

अशा बातम्या येतात तेव्हा आपले रक्त तापते, आणि ते तापणे अयोग्य नाही. निरपराध्याचे रक्त भूमीतून देवाकडे ओरडते, हे आपण हाबेलाच्या कथेपासून जाणतो. तथापि पवित्र शास्त्र आपल्याला केवळ संतापू देत नाही. ते आपल्याला विचार करावयास लावते.

२. गरारच्या विहिरी

उत्पत्तीच्या सव्विसाव्या अध्यायात इसहाक दुष्काळामुळे पलिष्ट्यांच्या गरार नगरात जाऊन राहिला. त्याने तेथे पेरणी केली आणि त्याला शंभरपट पीक मिळाले. त्याची गुरेमेंढरे व दासदासी वाढल्या, आणि तेव्हाच पलिष्टी त्याचा हेवा करू लागले. त्यांनी विहिरी मातीने बुजविल्या. त्यांत त्यांचा स्वतःचा लाभ काय होता? कोरड्या देशात बुजलेली विहीर कोणाच्याच उपयोगी पडत नाही. परंतु हेव्याची रीतच अशी आहे : दुसऱ्याला पाणी मिळू नये म्हणून तो स्वतःही तहानलेला राहतो. शेवटी, तू आमच्यापेक्षा फार प्रबळ झाला आहेस, तेव्हा येथून जा, असे राजाने इसहाकाला सांगितले. मिसर देशातही फारोने हेच भय लोकांपुढे मांडले होते.

उपऱ्यांविरुद्धच्या बहुतेक उठावांचे मूळ या अध्यायात दिसते. प्रथम दुष्काळ, मग श्रम, मग वाढ, मग हेवा, मग भय आणि शेवटी हकालपट्टी. युगांडात नेमके हेच घडले. मात्र प्रामाणिकपणे आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. तेथील इंग्रजी राजवटीने गोरे वर, आशियाई मध्ये आणि आफ्रिकी खाली अशी उतरंड रचली होती. आपले पुष्कळ लोक त्या मधल्या पायरीवर समाधानाने बसले आणि खालच्या पायरीवरील माणसाशी त्यांनी फारसा घरोबा केला नाही. यामुळे अमीनचा अन्याय तसूभरही कमी होत नाही. परंतु परक्या भूमीत केवळ धन मिळवावयाचे की शेजारीही मिळवावयाचे, हा प्रश्न उपऱ्याने स्वतःला विचारला पाहिजे. बंदिवासात गेलेल्या यहूद्यांना यिर्मयाने लिहिले की, ज्या नगरात तुम्हांस नेले आहे त्याच्या हितासाठी झटा व प्रार्थना करा. ते नगर त्यांच्या शत्रूचे होते, हे ध्यानात घ्यावे.

इसहाकाने काय केले? पहिली विहीर भांडणात गेली, तिचे नाव एसेक. दुसरी वैरात गेली, तिचे नाव सितना. तो पुढे सरकला आणि पुन्हा खणू लागला. तिसरीवर भांडण झाले नाही, तिचे नाव त्याने रहोबोथ, म्हणजे मोकळी जागा, असे ठेवले. आणि पुढे ज्यांनी घालवून दिले तेच करार करावयास आले, तेव्हा त्याने त्यांना मेजवानी दिली.

३. जेव्हा गरार आपल्याच दारी येते

आता कोरमंगल्याकडे परतू या. २०१२ च्या जुलै महिन्यात आसामच्या कोक्राझार भागात बोडो व मुसलमान यांच्यात भीषण दंगल उसळली. तिचे पडसाद दूरवर उमटले. पुण्यात ईशान्येकडील काही तरुणांना मारहाण झाली. मग भ्रमणध्वनीवरून निरोप फिरू लागले : रमजान संपताच तुमच्यावर हल्ला होणार, बंगळूर सोडा. १५ ऑगस्टला, ज्या दिवशी देश स्वातंत्र्याचा सण साजरा करीत होता, त्या दिवशी बंगळूरच्या रेल्वे स्थानकावर ईशान्येच्या मुलामुलींची रीघ लागली. दोनतीन दिवसांत हजारो जण गेले; रेल्वेला गुवाहाटीकडे खास गाड्या सोडाव्या लागल्या. केंद्र सरकारने १७ ऑगस्टपासून एकगठ्ठा संदेश पाठविण्यावर पंधरा दिवसांची बंदी घातली.

विचार करण्यासारखी गोष्ट ही की, त्या दिवसांत बंगळूरमध्ये मोठी दंगल झालीच नव्हती. अफवाच पुरेशी झाली. का पुरेशी झाली? ज्याला शहराने आपले म्हटले आहे, तो अफवा ऐकून शेजाऱ्याचे दार ठोठावतो. ज्याला कोणी आपले म्हटलेले नाही, तो स्थानकाची वाट धरतो. वर्षानुवर्षे ज्या मुलांच्या चेहऱ्यावरून त्यांना परदेशी ठरविले, ज्यांना हिणकस नावांनी हाका मारल्या, घर भाड्याने देताना ज्यांच्या जेवणाविषयी नाक मुरडले, त्यांना त्या रात्री आपल्यावर कोणी विश्वास ठेवण्याजोगे नाही असे वाटले. भयाचे बीज अफवेने पेरले, पण जमीन आधीच नांगरलेली होती. हामानाने अहश्वेरोश राजाचे कान फुंकले, तेव्हा त्याचेही एवढेच म्हणणे होते की, तुझ्या राज्यात एक लोक आहेत, त्यांचे नियम निराळे आहेत. निराळेपण हाच गुन्हा ठरला.

आणि हे त्याच शहरापुरते नाही. याच बंगळूरमध्ये डिसेंबर १९९१ मध्ये कावेरीच्या पाण्यावरून तमिळ भाषकांवर हल्ले झाले. ३१ जानेवारी २०१६ रोजी शहराच्या बाहेरील भागात एका सुदानी विद्यार्थ्याच्या मोटारीखाली एक स्थानिक स्त्री मरण पावली. थोड्याच वेळात तेथून जाणाऱ्या एका टांझानियाच्या विद्यार्थिनीस जमावाने मारहाण केली व तिची गाडी जाळली. तिचा त्या अपघाताशी काहीही संबंध नव्हता. तिचा रंग तेवढा तसा होता. जानेवारी २०१४ मध्ये दिल्लीत अरुणाचल प्रदेशच्या एका विद्यार्थ्याचा मारहाणीनंतर अंत झाला, तेव्हा केंद्र सरकारने बेझबरुआ समिती नेमली. आपल्या महाराष्ट्रानेही हात धुऊन बाजूला होऊ नये. १९६० च्या दशकात मुंबईत दाक्षिणात्यांविरुद्ध आणि ऑक्टोबर २००८ मध्ये रेल्वेच्या परीक्षेस आलेल्या उत्तर भारतीय उमेदवारांविरुद्ध जे घडले, ते आपल्याच भाषेत घोषणा देत घडले.

४. एक आज्ञा आणि एक तराजू

लेवीय १९:३३-३४ मध्ये देव सांगतो की, तुमच्या देशात राहणाऱ्या उपऱ्याला छळू नका. तो तुम्हांला देशातल्या माणसासारखाच असावा, आणि त्याच्यावर स्वतःप्रमाणे प्रीती करा. कारण काय दिले आहे? तुम्हीही मिसर देशात उपरी होता. आज्ञेचा पाया दया हा नाही, आठवण हा आहे.

पुढची दोन वचने आपण बहुधा वेगळी वाचतो. त्यांत खऱ्या तराजूचा, खऱ्या वजनांचा व खऱ्या मापांचा नियम आहे. बाजारातला हा नियम उपऱ्याच्या आज्ञेला लागून का यावा? आपण असे समजू शकतो की, ज्याला भाषा व भाव ठाऊक नाहीत, त्यालाच खोट्या मापाने फसविणे सर्वांत सोपे असते. आणि माप केवळ धान्याचेच नसते. नीतिसूत्रे २०:१० मध्ये म्हटले आहे की, निरनिराळी वजने व निरनिराळी मापे या दोहोंचा परमेश्वराला वीट आहे.

आपल्याजवळ दोन मापे आहेत काय? मेलबर्नमध्ये भारतीय मुलाला मारले, तर आपण त्यास वंशद्वेष म्हणतो. आपल्या गल्लीत मणिपुरी मुलाला मारले, तर किरकोळ भांडण म्हणतो. आपला मुलगा परदेशी गेला, तर त्याने कर्तबगारी दाखविली. परप्रांतीयाचा मुलगा आपल्या गावी आला, तर त्याने आपली नोकरी बळकावली. ज्या मापाने आपण जगाकडून न्याय मागतो, त्याच मापाने तो मोजून द्यावा, एवढीच देवाची मागणी आहे.

५. शोमरोनी गाव आणि शोमरोनी मनुष्य

लूकच्या नवव्या अध्यायात एका शोमरोनी गावाने प्रभू येशूला उतरावयास जागा दिली नाही, कारण त्याचे तोंड यरुशलेमेकडे होते. याकोब व योहान संतापले. आकाशातून अग्नी पडून हे गाव भस्म व्हावे, असे त्यांना वाटले. प्रभूने त्यांनाच धमकाविले आणि ते दुसऱ्या गावी गेले.

लगेच पुढच्या अध्यायात एक शास्त्री विचारतो, माझा शेजारी कोण? स्वतःसारखी शेजाऱ्यावर प्रीती करण्याची आज्ञा त्याने लेवीयच्या एकोणिसाव्या अध्यायातूनच घेतली होती. उत्तर त्याच अध्यायात सोळा वचने पुढे लिहिलेले होते : स्वतःसारखी प्रीती उपऱ्यावरही. ते त्याला दिसले नाही, म्हणून प्रभूने दृष्टांत सांगितला. आणि जखमी मनुष्याला उचलणारा म्हणून त्याने कोणाला निवडले? शोमरोन्याला. ज्यांच्या गावाने नुकतेच दार लावले होते, त्यांच्यातलाच मनुष्य त्याने आदर्श म्हणून पुढे ठेवला. एका गावाच्या अपराधाचे माप त्याने सर्व शोमरोन्यांना लावले नाही.

ओलेथ येथील घटनेचा दुसरा भाग येथे सांगितला पाहिजे. गोळ्या झाडणाऱ्यास अडविण्यास धावला तो चोवीस वर्षांचा एक गोरा अमेरिकन तरुण. गोळी त्याच्या हातातून छातीत गेली, तो वाचला. पुढे ह्यूस्टनच्या भारतीय समाजाने त्याला घर घेण्यासाठी एक लाख डॉलर दिले. मारणारा व वाचविणारा एकाच रंगाचे होते. रंगावरून माणसाचा निवाडा करणाऱ्यास हे कोडे कधीच सुटणार नाही.

६. मंडळीने काय करावे?

यरुशलेमेच्या पहिल्या मंडळीतही भाषेचा भेद शिरला होता. रोजच्या वाटणीत हेल्लेणी भाषा बोलणाऱ्या विधवांची उपेक्षा होत होती (प्रेषितांची कृत्ये ६:१-७). प्रेषितांनी तक्रार दाबली नाही. सात जण निवडण्यात आले, आणि त्या सातांचीही नावे हेल्लेणी आहेत. ज्यांची उपेक्षा झाली, त्यांच्याच बाजूच्या लोकांच्या हाती वाटणी सोपविण्यात आली.

ईशान्येकडून पुण्यामुंबईत येणाऱ्या तरुणांत आपले पुष्कळ ख्रिस्ती बंधुभगिनी आहेत. ते मागच्या बाकावर बसून जातात. त्यांचे नाव आपण विचारले आहे काय? नाताळच्या जेवणास त्यांना घरी बोलाविले आहे काय? संकटाच्या रात्री ठोठावण्यास त्यांना एक दार ठाऊक आहे काय? आणि जे ख्रिस्ती नाहीत, त्यांनाही हेच दार उघडे असावे; कारण आज्ञेत उपऱ्याचा धर्म विचारलेला नाही. अफवेचा निरोप हाती आला, तर निर्गम २३:१ आठवून तो तेथेच थांबवावा. आणि परदेशी असलेल्या आपल्या मुलांना पत्र लिहिताना पगाराबरोबर शेजाऱ्याचीही चौकशी करावी.

२०१२ मध्ये बंगळूर सोडून गेलेल्यांपैकी पुष्कळ जण पुढे परत आले. त्यांनी इसहाकाप्रमाणे पुन्हा विहीर खणली. तिला एसेक म्हणावे, सितना म्हणावे की रहोबोथ, हे ठरविण्यात शेजारी म्हणून आपलाही वाटा आहे.

चर्चेसाठी प्रश्न

१. इसहाक भांडला नाही, पुढे गेला. अन्याय सोसणे व अन्यायाविरुद्ध दाद मागणे यांचा मेळ कसा घालावा? प्रेषितांची कृत्ये २२:२५ पाहा.
२. आपल्या बोलण्यात इतर प्रांतांच्या वा वंशांच्या लोकांसाठी कोणती हिणकस नावे रूढ आहेत? ती घरात मुलांसमोर उच्चारली जातात काय?
३. आपल्या मंडळीच्या कारभारात बाहेरून आलेल्या एखाद्या सभासदास जबाबदारीचे स्थान आहे काय? नसल्यास का नाही?

प्रार्थना

हे पित्या, तुझा पुत्र बाळपणी मिसर देशात उपरी झाला, हे आम्ही विसरतो. परक्या देशात असलेल्या आमच्या मुलांना सांभाळ, आणि आमच्या दारी आलेल्या दुसऱ्यांच्या मुलांना आमच्या हातून सांभाळ. आमच्या घरातले खोटे माप आम्हांला दाखव व ते मोडून टाकण्याचे धैर्य दे. येशूच्या नावाने मागतो. आमेन.