आधी आभाळ बघा

माझी पुतणी पुण्यात नोकरी करते. परवा तिचा फोन आला. "काकाजी, 2 ऑगस्ट 2027ला इजिप्तमध्ये खग्रास आहे. लक्सरला सहा मिनिटांच्या वर अंधार. टूरवाला आत्ताच पैसे मागतोय. जाऊ की नको?"

आमच्या घरात ग्रहणाचा विषय निघाला की सगळे माझ्याकडे बघतात. मी विज्ञान शिकवतो म्हणून नाही. तीन खग्रास ग्रहणं हातची घालवलेला गोतावळ्यात मी एकटाच आहे म्हणून.

पहिलं 16 फेब्रुवारी 1980चं. मी दहा वर्षांचा होतो. चंद्रपूरला, म्हणजे आमच्या आजीच्या भाषेत चांद्याला, ते खग्रास नव्हतंच. सावलीचा पट्टा कर्नाटकातून हैदराबादच्या खालून ओडिशाकडे गेला. आमच्याकडे खंडग्रास, पण बऱ्यापैकी मोठं. दारं-खिडक्या लावून आम्हाला घरात कोंडलं होतं. शिजलेल्या अन्नावर तुळशीची पानं ठेवली होती. पण छपराच्या दोन कवेलूंमधल्या फटीतून उन्हाचा एक गोल रोज दुपारी भिंतीवर पडायचा, त्याला कोण कोंडणार? त्या दिवशी तो गोल एका बाजूने खाल्ला जात गेला आणि शेवटी नुसती नखाएवढी कोर उरली. फटीतून येणारी ती सूर्याचीच प्रतिमा होती हे मला पुढे कॉलेजात कळलं. आभाळ निरभ्र होतं आणि हैदराबाद रात्रभराच्या गाडीवर होतं. पण ग्रहण बघायला गाडीत बसायचं असतं हे आमच्या घरात कोणी म्हटलं असतं, तर त्यालाच देवळात नेलं असतं.

दुसऱ्या ग्रहणाची चूक मात्र पूर्ण माझी.

11 ऑगस्ट 1999. बुधवार, आषाढी अमावास्या, आमच्याकडे जिवतीचा दिवस. मी तेव्हा मूल आणि सावली या गावांच्या मधल्या एका खेड्यात शिक्षक होतो. चंद्राची सावली कच्छातून भारतात शिरून, वऱ्हाड ओलांडून, चंद्रपूर-गडचिरोलीवरून आंध्रच्या किनाऱ्याकडे उतरणार होती. म्हणजे बरोबर आमच्या डोक्यावरून. चंद्राची सावली सावली गावावरून जाणार, हा विनोद मी वर्गात इतक्या वेळा केला की पोरं माझ्याआधीच हसायला लागली होती. जगभरातून लोक जे बघायला विमानानं जातात ते आपल्या धुऱ्यावर येणार. मग जायचं कुठे आणि कशाला?

तयारी मी चांगली केली होती, असं मला वाटत होतं. खग्रास संध्याकाळी सहाच्या सुमारास, जेमतेम मिनिटभर. सूर्य मावळायला तेव्हा पाऊण तास उरलेला. हात लांब करून मूठ धरली की क्षितिजापासून एक मूठ होते, सूर्य तेवढाच वर. जंगलातल्या गावात एक मूठ म्हणजे काहीच नाही. ऑगस्टातला साग पानांनी गच्च असतो, त्याच्या आडून सूर्य पाच वाजताच दिसेनासा होतो. म्हणून मी पोरांना गावच्या मामा तलावाच्या पाळीवर नेलं. पश्चिमेला पाणी, पाण्यापलीकडे बांध्या, सगळं मोकळं. हे एक काम मी बरोबर केलं, आणि नुसत्या नकाशावर भरवसा ठेवणाऱ्या पुष्कळांचं हेच चुकतं. पट्टा बघतात, सूर्य कोणत्या दिशेला आणि किती वर असेल ते बघत नाहीत. ज्या जागी उभं राहायचं तिथे आठवडाभर आधी, त्याच वेळेला, एकदा जाऊन यावं.

पण मी आभाळाचा विचार केला नव्हता. दुपारी तीनपासून पश्चिमेकडून ढग भरत आले. पूर्वेला, वैनगंगेच्या अंगाला, आभाळ फाटलेलं दिसत होतं. आमच्या एका सहकाऱ्याची जीप शाळेसमोर उभी होती. तो म्हणाला, "चला, व्याहाडच्या पुलावरून गडचिरोलीकडे सरकू. पट्ट्यातच राहतो आपण." मी नाही म्हटलं. एवढी पोरं जमवलेली, सरपंच येणार, पाळीवर सतरंजी अंथरलेली. सोहळा मांडून बसलेला माणूस उठत नाही. तीन तास हातात होते आणि मी ते ढगाकडे बघत घालवले.

सहाला अंधार आला. उन्हाळ्यात वावटळ येते तसा पश्चिमेकडून आला, पण आवाज नाही. तलावाचं पाणी शिशासारखं झालं. बगळे उडाले, रातकिडे एकदम सुरू झाले. समोरच्या बांधीत रोवणीच्या पाच-सहा बाया होत्या. रोपांची पेंढी हातात धरून त्या ताठ उभ्या राहिल्या. त्यातली एक ओरडली, "गुरजी, हे काय होय जी?" मला उत्तर सुचलं नाही. वर फक्त ढग होता, काळा, खालून तांबूस कडेचा. मग पश्चिमेची कड उजळली आणि सगळं पूर्ववत. माझ्या शेजारी एक्स-रेची पट्टी हातात घेऊन सहावीतला एक पोरगा उभा होता. तो म्हणाला, "सर, झालं का जी?"

त्याच्या हातातली ती पट्टी मीच दिली होती. आता सांगायला लाज वाटते. एक्स-रेची फिल्म, काजळी धरलेली काच, गॉगल, यांतलं काहीही सूर्याकडे बघायला चालत नाही. अंधार वाटतो म्हणून डोळ्याची बाहुली मोठी होते आणि न दिसणारे किरण आत जात राहतात. ढगांनी आम्हाला ग्रहण दाखवलं नाही, पण बहुतेक त्या पोरांचे डोळे वाचवले.

दहा वर्षांनी, 22 जुलै 2009ला, मी ठरवून गेलो. यावेळी पट्टा सुरतेहून इंदूर-भोपाळवरून बनारस-पाटण्याकडे. चंद्रपूरहून भोपाळ म्हणजे जी. टी.त बसायचं आणि उतरायचं. दीड महिना आधी जाण्यायेण्याची तिकिटं काढली, लॉज ठरवला, गच्चीची चावी मागून ठेवली. मी आणि बायको पहाटे पाचला गच्चीवर. साडेसहाच्या आत तीन मिनिटांचा अंधार झाला, तोही भुरभुर पावसात. आमची ही छत्री धरून म्हणाली, "हे तर आपल्या घरीही फुकट दिसतं, लाइट गेली की."

त्याच सकाळी बनारसच्या घाटांवर लोकांनी झाकलेल्या सूर्याभोवतीची प्रभा डोळ्यांनी पाहिली. आणि बिहारमधलं तारेगना, जे ग्रहण बघण्यासाठी सर्वांत चांगलं ठिकाण म्हणून वर्तमानपत्रांत गाजलं होतं, जिथे हजारो लोक गेले, ते ढगात बुडालं. नंतर मला कळलं की मी तिकीट काढलं होतं लॉजचं, आकाशाचं नव्हे. ज्याला पावसाळ्यात जायचं आहे त्याने आदल्या रात्री दोनशे किलोमीटर सरकता येईल अशी गाडी आधी ठरवावी आणि खोलीचा विचार मग करावा. आता फोनवर उपग्रहाची ढगांची चित्रं दिसतात. आदल्या दिवशी दुपारपासून ती बघावीत आणि पट्ट्याच्या लांबीच्या दिशेने सरकावं. आडवं गेलं तर चाळीस-पन्नास किलोमीटरमध्येही पट्ट्याबाहेर पडतो आपण.

या सगळ्यात एक गोष्ट मला फार उशिरा सापडली. आमच्याच विदर्भात खग्रास ग्रहण बघायला साहेब लोक बोटीने आले होते. 22 जानेवारी 1898ला पट्टा रत्नागिरीच्या किनाऱ्यावरून वर येत विदर्भातून गेला. विजयदुर्गावर इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियर होते, जेऊरला पुण्याच्या वेधशाळेचे कावसजी नेगमवाला, पुलगावला इंग्रजांची आणखी एक तुकडी. आणि वऱ्हाडातल्या तळणीला ॲनी माँडर नावाच्या बाईंनी लहानशा कॅमेऱ्यानं सूर्याच्या प्रभेचा असा फोटो काढला की त्या प्रभेचा एक पदर लाखो किलोमीटर दूरवर पसरलेला त्यात दिसतो. तळणी आमच्या मूलहून एका दिवसात जाऊन येण्यासारखी. तीच जमीन, तोच सूर्य. त्यांच्या वाट्याला जानेवारी आला, आमच्या वाट्याला ऑगस्ट. म्हणून आता मी कोणालाही पहिला प्रश्न विचारतो तो महिन्याचा. किती मिनिटं, हा प्रश्न त्यानंतर.

पुतणीला मी विचारलं, "पुण्यातून खंडग्रास दिसेल थोडंसं, ते चालणार नाही का?" ती म्हणाली, तेच विचारायचं होतं, नव्व्याण्णव टक्के आणि शंभर टक्के यात असा काय फरक पडतो. हिशोब सोपा आहे. सूर्याचा उजेड पौर्णिमेच्या चंद्राच्या सुमारे चार लाख पट. त्यातला एक टक्का उरला तरी चार हजार पौर्णिमा एकदम. सूर्याची प्रभा मात्र एका पौर्णिमेच्या चंद्राइतकीच उजळ. चार हजार चंद्रांपुढे एक चंद्र कसा दिसणार? त्यामुळे पट्ट्याच्या बाहेर, अगदी काठाशी राहून "जवळजवळ खग्रास" बघू म्हणणं म्हणजे लग्नाच्या मांडवाबाहेर उभं राहून जेवलो म्हणण्यासारखं.

पण खंडग्रासला मी हसत नाही. 26 डिसेंबर 2019ला आमच्या शाळेत परिपाठ संपवून पोरं मैदानावरच थांबली. मैदानाच्या कडेला कडुनिंब आहे. त्याच्या पानांच्या फटींतून जमिनीवर, पोरांच्या पांढऱ्या सदऱ्यांवर, एका पोरीच्या रिबिनीवर शेकडो कोरी हलत होत्या. मला आमच्या घराचं कवेलू आठवलं. कोणी स्वयंपाकघरातून चाळणी आणली, चाळणीच्या प्रत्येक भोकाची एक कोर. एक पैसा खर्च झाला नाही. ज्याचे गुडघे दुखतात, ज्याला उकाडा सोसत नाही, ज्याच्या घरी म्हातारं माणूस एकटं आहे, त्याने चाळणी घ्यावी आणि अंगणात बसावं. तो काही कमी शहाणा नाही.

लक्सरला मी जा म्हटलं. तिथलं ऑगस्टातलं आभाळ कोरडं असतं, ढगाची भीती आपल्या मानाने नगण्य. भीती उन्हाची आहे. ऐन दुपारी चाळीस अंशांवर तासन्‌तास उघड्यावर थांबायचं असतं, कारण खग्रास सहा मिनिटांचं असलं तरी खंडग्रास आधी आणि नंतर तासतासभर चालतं. टूरवाल्याला हॉटेलचे तारे विचारू नकोस, म्हटलं. बघायच्या जागी सावली आहे का, पाणी किती, आणि बस ऐनवेळी हलणार की नाही, ते विचार आणि कागदावर लिहून घे. आणि पैसे एवढेच घाल, की अंधार दिसला नाही तरी मंदिरं बघून आलीस तर जीव जळणार नाही. देशातच बघायचं असेल तर 20 मार्च 2034ला पट्टा काश्मीर-लडाखवरून जातो. पण मार्चातला बर्फ, बंद घाट आणि पश्चिमेला आड येणारे डोंगर, हे आधी तोलून बघ. तिथेही मूठ धरून बघायला लागेल.

"आणि चष्मा?" तिने विचारलं.

आयएसओ 12312-2चा शिक्का असलेला घे, आणि घेतल्यावर घरातल्या ट्यूबलाइटकडे बघ. ट्यूबलाइट स्पष्ट दिसली तर फेकून दे. आणि सूर्य पूर्ण झाकला गेला की तो चष्मा काढ. भीतीने तसाच ठेवला तर काळोखाशिवाय काहीच दिसणार नाही. कड उजळली की परत लाव.

ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "काकाजी, दोन सीट धरू की तीन? काकू येतील का?"

मी फोनवर हात ठेवून स्वयंपाकघराकडे ओरडून विचारलं. आतून उत्तर आलं, छत्री न्यायची नसेल तर येते.