घरचे कितीला पडते?

फेब्रुवारी लागला की वसमत, कुरुंदा, हट्टा, जवळा बाजार या पट्ट्यात शेताशेतांवर हळद शिजायला लागते. मार्चपासून गच्चीगच्चीवर जुन्या साड्या अंथरल्या जातात. हळद दळायची, तिखट कुटायचे, पापड, कुरडया, शेवया करायच्या, आणि पावसाळ्याआधी एखादी वाकळ शिवायला टाकायची. हिंगोली जिल्ह्यातल्या बहुतेक घरांचा हा उन्हाळी उद्योग ‘घरचे ते स्वस्त’ या एका विश्वासावर चालतो. हिशेब मांडला तर हा विश्वास हळदीत खरा ठरतो, मसाल्यात अर्धामुर्धा, आणि पापड-कुरडईत घरच्या बाईची मजुरी शून्य धरली तरच.

हिशेबाची खाती पाच: माल, तूट, दळण किंवा शिलाई, इंधन आणि हातांचा वेळ. आपण माल आणि दळण जोडतो आणि बाकी तिन्ही सोडून देतो. वेळेला भाव कुठला लावायचा, हा प्रश्न अवघड वाटतो, पण त्याला एक सरकारी उत्तर आहे. २०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. आठ तासांनी भागले की तासाला ३९ रुपये. गावातली मजुरी कमी-जास्त असते, हे खरे. तरी अकुशल कामाला सरकारने लावलेल्या दरापेक्षा पापड लाटणाऱ्या हातांचा दर खाली धरण्याचे कारण मला तरी दिसत नाही.

खाली वापरलेले बाकीचे भाव हिशेबापुरते धरलेले आहेत. मोंढ्यातला भाव आठवड्यात बदलतो, त्यामुळे तुमच्या गावचा आकडा घालून तीच बेरीज पुन्हा करायची.

सुरुवात हळदीपासून, कारण इथे आपण खाणीवरच बसलो आहोत. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आणि हिंगोली-वसमतच्या बाजारात नांदेड-परभणीकडचाही माल उतरतो. अडचण एवढीच की मोंढ्यात सौदा क्विंटलात होतो. तीन किलो मागणाऱ्याला तिथे कोणी विचारत नाही. किरकोळीला दुकानातून घेतली तर मोंढ्याच्या भावावर किलोमागे वीस-तीस रुपये चढतात. यावर सोपा उपाय म्हणजे गल्लीतल्या पंधरा-वीस घरांनी मिळून ओळखीच्या शेतकऱ्याकडून एक पोते उचलणे. पाच माणसांच्या घराला वर्षाला अडीच-तीन किलो पुरते.

समजा तीन किलो कांडी १७० रुपयांनी घेतली. माल ५१० रुपये. कांडपवाल्याचे किलोला ३५ धरले तर १०५. एकूण ६१५. दळताना शंभरेक ग्रॅम उडते आणि यंत्रात राहते, म्हणून हातात येते २ किलो ९०० ग्रॅम. म्हणजे किलो पडली साधारण २१२ रुपयांना. दुकानातले २०० ग्रॅमचे पाकीट ६५ रुपयांना असेल तर तीच किलो ३२५ ला. वर्षाला सव्वातीनशे रुपये वाचले. आकडा डोळे दिपवणारा नाही, पण घरातला वेळ जेमतेम एक सकाळ गेला आणि पुडीत काय आहे याची खात्री मिळाली. या यादीत बिनशर्त ‘घरीच करा’ असे मी फक्त हळदीबद्दल म्हणेन.

पाकिटांची तुलना करताना मोठा आकडा पाहू नका. एमआरपीशेजारी दर ग्रॅमचा भाव छापलेला असतो, त्याला हजाराने गुणा. मोठे पाकीट नेहमी स्वस्त असतेच असे नाही, हे तेवढ्यावरून कळते.

कांडी घेताना मोडून पाहा. नीट वाळलेली हळद खण्‌कन तुटते. वाकली किंवा चामट लागली तर पाण्याचे पैसे देत आहात आणि दळलेली पूड पावसाळ्यात गोळा होणार. आतला रंग गडद नारिंगी हवा. बिगर पॉलिशची हळद स्वस्त मिळते, पण तिच्यासोबत साल आणि माती येते, म्हणून फरक दहा-पंधरा रुपयांचाच असेल तर पॉलिश केलेली घ्यावी. उलट कांडी फारच पिवळीधमक आणि हाताला रंग सोडणारी असेल तर दोन कांड्या ग्लासभर पाण्यात टाका. पाण्यात लगेच पिवळा रंग सुटला तर वरून रंग चढवलेला आहे. त्यासाठी लेड क्रोमेट वापरले जाते आणि त्यात शिसे असते, म्हणून चवीपेक्षा मुलांच्या तब्येतीचा प्रश्न मोठा. तयार पुडीचीही अशीच परीक्षा अन्न सुरक्षा प्राधिकरणाने सांगितली आहे: ग्लासभर पाण्यात चमचाभर पूड टाकून न ढवळता ठेवा. शुद्ध हळद तळाला बसते आणि पाणी फिकट पिवळे राहते. भेसळीची असेल तर पाणी गडद होते.

ओली हळद कोणी २५ रुपये किलोने देऊ केली तर भुलू नका. शिजवून वाळवल्यावर पाच किलोची एक किलो होते. म्हणजे माल तिथेच १२५ ला गेला, वर जळण आणि दहा-पंधरा दिवसांचे वाळवण. शेतावर कुकर लागलेला असेल आणि त्यात आपली टोपली ढकलता आली तर गोष्ट वेगळी. एरवी ओल्या हळदीचे लोणचे घालावे.

कांडपावर दोन गोष्टी सांभाळायच्या. आपल्याआधी मिरची दळली असेल तर पहिली मूठभर पूड वेगळी काढायला सांगा, नाहीतर दुधात हळद घातल्यावर ठसका. आणि वजन आधीही करा, नंतरही करा. किलोला चाळीस-पन्नास ग्रॅमहून जास्त तूट आली तर विचारायचा हक्क आहे. काट्यावर वैधमापन विभागाचा मुदतीतला शिक्का असावा लागतो. तो पाहायला कोणाची परवानगी लागत नाही. पूड गरम असताना डब्यात भरू नये. शक्य असेल तर अर्धीच दळावी आणि उरलेली दिवाळीनंतर. अख्खी हळद पुडीपेक्षा जास्त काळ वास धरून ठेवते.

मसाल्याचा हिशेब असा सरळ नाही. प्रत्येक घराचे प्रमाण निराळे, आणि ज्याच्या त्याच्या आजीचे खरे. एक नमुना घेऊ. मिरची एक किलो २२०, धने अर्धा किलो ७०, सुके खोबरे पाव किलो ९०, तीळ २५, भाजायला तेल १५, खडा मसाला ३००, कांडप ८०. झाले ८००. मिरचीचे देठ आणि भाजताना गेलेला ओलावा वजा करता साडेसतराशे ते एकोणीसशे ग्रॅम मसाला होतो, म्हणजे किलोला ४२० ते ४६०. साध्या कंपनीचा मसालाही याच्या आसपास मिळतो. तेव्हा इथे बचत नाहीच. आपण पैसे देतो ते चवीसाठी आणि वासासाठी.

पैसे वाचवायचे असतील तर मिरचीत दहा रुपयांची घासाघीस करण्यात अर्थ नाही. वरच्या यादीत मिरचीहून मोठा आकडा खड्या मसाल्याचा आहे, आणि फसगतही तिथेच होते. ‘किलोचा तयार मसाला’ म्हणून बांधून ठेवलेल्या पुड्यांत तमालपत्र आणि दगडफूल फुगवून दिसते, लवंग आणि वेलदोडा शोधावा लागतो. लवंग, दालचिनी, वेलदोडा, शहाजिरे, नागकेशर सुटे मागा, समोर तोलून घ्या. लवंग नखाने दाबली तर तेल दिसले पाहिजे. येसर करणाऱ्या घरांना थोडा दिलासा आहे: त्यात भाजलेले गहू आणि हरभऱ्याची डाळ वजन धरतात, त्यामुळे किलोचा भाव बराच खाली येतो आणि अडल्या वेळी आमटी निभावून नेते.

आता पापड. उडदाची डाळ दोन किलो १३० ने २६०, दळण २०, पापडखार, हिंग, मिरे, मीठ मिळून ८०, तेल २०. झाले ३८०, आणि वाळलेले पापड साधारण दोन किलो. किलोला १९० रुपये. इथे थांबले तर घरचा पापड स्वस्तच. पण पीठ कुटून, लाट्या करून, लाटून, उन्हात घालून, उलटून, संध्याकाळी मोजून डब्यात जाईपर्यंत चार बायकांचे अडीच-अडीच तास जातात. दहा तास, ३९ ने ३९० रुपये. आता किलो ३८५ ला पडला. बचत गटाच्या बाया ३२० ते ३५० ने देत असतील, तर त्या महाग देत नाहीत; मोठ्या मापाने माल घेऊन आणि सवयीच्या हाताने त्या आपल्याहून कमी वेळात करतात, एवढेच. लिज्जत पापड १९५९ मध्ये गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन सुरू केला. तिथेही लाटणाऱ्या बाईला लाटलेल्या वजनावर पैसे मिळतात, कारण या धंद्याचा खरा खर्च लाटण्यातच आहे.

शेजारणींचा वारंगुळा चालू असेल, आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे, तर घरी जरूर करा. वेळेची फेड वेळेनेच होते आणि गप्पा फुकट. एकट्या सुनेने दोन किलो लाटायचे असतील तर विकत घ्या, असे माझे स्पष्ट मत आहे. पापडावर २०१७ पासून जीएसटी शून्य आहे, तेव्हा बिलात पापडापुढे कर लावलेला दिसला तर विचारा.

‘उडीद घरचेच आहेत’ म्हणून माल फुकट धरण्याची चूक मात्र करू नका. २०२५-२६ चा उडदाचा हमीभाव क्विंटलला ७,८०० म्हणजे किलोला ७८ रुपये होता. किलोभर उडदाची तीन पावाच्या आसपास डाळ होते. म्हणजे डाळ भरडण्याआधीच किलोला १०४ रुपयांची झाली. विकला असता तर जेवढे आले असते, तेवढे पैसे आपणच आपल्याला दिले.

कुरडईला माल सगळ्यांत स्वस्त आणि मेहनत सगळ्यांत लांब. दोन किलो गहू ३५ ने ७० रुपये. तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचे, वाटून चीक काढायचा, शिजवून पहाटे पाडायच्या. किलो गव्हाची अर्ध्या किलोच्या थोडी वर कुरडई होते. शिजवण्याच्या गॅसची धास्ती उगाच घेतात. घरगुती टाकी १४.२ किलोची, ती ८८० ला धरली तर गॅस किलोला ६२ रुपये पडतो. मोठी शेगडी तासाला १८० ग्रॅमच्या आसपास जाळते, म्हणजे तासाला ११ रुपये. अंगणात तुराट्यांची चूल मांडली तर तेही वाचतात, पण धुरात चीक ढवळणाऱ्या बाईचे डोळे त्या अकरा रुपयांत बसत नाहीत. चार तासांची मेहनत धरून कुरडई किलोला २२० च्या आसपास पडते. शेवयांचे तसे काही उरले नाही. रवा-मैदा घेऊन मशीनवर जा, किलोचा दर आधी ठरवा आणि वाळल्यावर तोलून घ्या.

शिलाई मशीन घ्यावे का, असे पुष्कळ घरांत विचारले जाते. ७,००० चे मशीन धरा. घरातले फॉल-पिको, उसवलेले, आखूड करायचे असे महिन्याला दोनशे रुपयांचे काम वाचत असेल तर मशीन फिटायला तीन वर्षे लागतात. वर शेजाऱ्यांचे काम घेणार असाल तर लवकर. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘मोफत शिलाई मशीन’ म्हणून फिरणारे दुवे उघडू नका. सरकारची जी योजना खरी आहे ती पीएम विश्वकर्मा, २०२३ साली सुरू झालेली. तिच्यात शिंपीकाम करणाऱ्याला अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत मिळते, हौसेने शिवणाऱ्याला नाही.

राहिली वाकळ. शिंप्याच्या घरात जन्मलेल्या संत नामदेवांच्या नरसीचा हा जिल्हा; इथे शिवणकामाला मान असायला हवा, पण वाकळीचा भाव ठरवताना तो दिसत नाही. जुन्या सुती साड्या किंवा लुगडी सहा-सात लागतात. सिंथेटिक साड्या मध्ये घालू नका, त्या सरकतात, घाम टिपत नाहीत आणि टाके ओढले जातात. कापड घरचे, जाड दोरा शंभर-सव्वाशेचा. हाताने धावदोरा घालत दाट टाक्यांची मोठी वाकळ शिवायला चाळीस तास सहज जातात. ३९ ने १,५६० रुपये. म्हणून शिवणारी बाई आठशे मागत असेल तर ती तासाला वीस रुपयांवर काम करते आहे. तिथे सहाशेवर आणायची घासाघीस करू नये. मशीनवर शिवलेली दुकानातून पाचशेत मिळत असेल तर तीही घ्या, तिची जागा वेगळी. हाताची वाकळ टाकायची तर एप्रिलमध्ये टाका. साड्या गरम पाण्यातून काढून, काठ उसवून, दोऱ्यासकट द्या. टाके किती दाट हवे ते जुनी वाकळ समोर ठेवून दाखवा आणि अर्धे पैसे आधी हातात द्या. जूनमध्ये पेरणी सुरू झाली की सुई धरणारे हात शेतावर जातात.

पाकिटातल्या किंवा दुकानातल्या मालाबद्दल वजन, भेसळ वा जास्त किंमत अशी तक्रार असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. फोन करण्यापूर्वी बिल, पाकीट आणि त्यावरचा बॅच क्रमांक हाताशी ठेवा. सुट्या मालाचे बिल मागितल्याशिवाय मिळत नाही, म्हणून ते कागदाच्या तुकड्यावर का होईना, दुकानाच्या शिक्क्यासह आधीच मागून घ्या.