कंपायलरचा परवाना आणि आपला प्रोग्रॅम

मनुष्यानें सी वगैरे भाषांत लिहिलेला प्रोग्रॅम यंत्रास जसाच्या तसा कळत नाहीं. त्याचें यंत्रभाषेंत रूपांतर करणारा जो दुसरा प्रोग्रॅम, त्यास कंपायलर म्हणतात. जीसीसी हा असाच एक प्रख्यात कंपायलर. रिचर्ड स्टॉलमन यांनीं ग्नू प्रकल्पाकरितां तो रचून १९८७ सालीं लोकांपुढें ठेविला. तो कोणासही वापरतां, तपासतां व बदलतां येतो. मात्र दुसऱ्यास देणारानें त्याची मूळ संहिता व हेंच स्वातंत्र्यही पुढें दिलें पाहिजे, अशी त्याच्या जीपीएल नामक परवान्याची अट आहे. तेव्हां सहज शंका येते कीं, अशा कंपायलरनें तयार झालेल्या माझ्या प्रोग्रॅमासही ही अट लागते काय?

शेजाऱ्याची करवत उसनी आणून आपण चौरंग केला, तर चौरंगावर शेजाऱ्याचा हक्क चढत नाहीं. प्रोग्रॅम तुमचा, तसें त्याचें रूपांतरही तुमचेंच. परंतु करवतीबरोबर शेजाऱ्यानें आपले खिळेही दिले असतील व ते चौरंगांत ठोकले गेले असतील, तर? सारी मेख या खिळ्यांत आहे.

बायसन या साधनाची गोष्ट पाहा. त्यास भाषेचें व्याकरण लिहून दिलें, कीं त्या व्याकरणाप्रमाणें वाक्यें सोडविणारा प्रोग्रॅम तें आपणांस लिहून देतें. पण त्या लिखाणांत बायसनच्या स्वतःच्या संहितेचा बराच मोठा भाग शब्दशः उतरतो. यामुळें १.२४ या आवृत्तीपूर्वीं बायसनची निर्मिति केवळ मुक्त प्रोग्रॅमांतच वापरतां येत असे. हें कोणाचें मुद्दाम धोरण नव्हतें. सर्व संहितेस सरसकट एकच परवाना लावल्याचा तो परिणाम! पुढें या उतरणाऱ्या भागापुरती सवलत देण्यांत आली.

जीसीसीचे खिळे म्हणजे लिबजीसीसी. समजा, ३२ बिटांच्या यंत्रावर ६४ बिटांच्या संख्यांचा भागाकार करावयाचा आहे. तेवढी एकच आज्ञा यंत्रापाशीं बहुधा नसते. म्हणून कंपायलर लिबजीसीसींतील तयार तुकडा गुपचूप जोडून देतो. तो तुम्ही लिहिलेला नसतो, मागितलेलाही नसतो. त्यावर जीपीएलची अट जशीच्या तशी ठेविली असती, तर जीसीसी वापरणाऱ्या कित्येकांस आपली संहिता खुली करावी लागली असती. म्हणून अशा तुकड्यांस स्वतंत्र अपवाद जोडलेला आहे. त्याची ३.१ ही आवृत्ति ३१ मार्च १९०९ ची नव्हे, २००९ ची. म्हणजे प्रकरण अगदीं अलीकडचें! त्यान्वयें तुमचा प्रोग्रॅम तुम्हांस हव्या त्या अटींवर देतां येतो. एक गोम मात्र आहे. जीसीसीच्या पोटांतील अर्धवट रूपांतर बाहेर काढून तें एखाद्या बंदिस्त प्रोग्रॅमाकडून पुरें करून घेतलें, तर ही सवलत मिळत नाहीं. जीसीसीस बाहेरचीं उपांगें जोडण्याची सोय २०१० सालीं झाली; तिचा दुरुपयोग होऊं नये, म्हणून दार आधींच बंद केलें. ही दूरदृष्टि मला वाखाणण्याजोगी वाटते.

खुद्द करवतीसच नवे दांते पाडले, तर गोष्ट निराळी. नेक्स्ट कंपनीनें जीसीसीस ऑब्जेक्टिव्ह-सी भाषेची जोड दिली व ती संहिता झांकून ठेवूं पाहिली. स्टॉलमन यांनीं हरकत घेतली, आणि ती जोड कंपनीस जीपीएलखालीं खुली करावी लागली.

इलिनॉय विद्यापीठांत २००० सालीं आरंभिलेल्या एलएलव्हीएम प्रकल्पाचा आजचा अपाची परवाना याहून पुष्कळ सैल आहे. बदललेली संहिता उघड करण्याची सक्ति त्यांत नाहीं. तरीही कंपायलरचे जे तुकडे वापरणाराच्या प्रोग्रॅमांत उतरतात, त्यांच्याकरितां त्या परवान्यासही एक अपवाद जोडावा लागलाच.