बांधकामावरील अपघात, जखमी मजूर आणि आपला व्यापारी वर्ग

धान्याच्या आडत्याने कायद्याच्या विषयावर लेखणी उचलावी, हे काही बंधूंस विचित्र वाटेल. परंतु आपल्या धार व देवास या दोन्ही गावांत असा व्यापारी विरळाच, की ज्याने गेल्या पंधरा-वीस वर्षांत एखादे गोदाम, दुकानावरचा मजला, धर्मशाळेची खोली किंवा निदान राहत्या घराचा स्लॅब घातलेला नाही. पीथमपूरच्या कारखान्यांमुळे जमिनीस भाव आला, भाव आला म्हणून बांधकामे वाढली आणि बांधकामे वाढली म्हणून धार, झाबुआ, बडवानीकडील आदिवासी मजूर सहकुटुंब आपल्या दारी येऊन राहू लागले. सिमेंट व लोखंड यांचा हिशेब आपण पैशापैशाने ठेवतो. परांचीवरून माणूस पडला तर त्याचा हिशेब कोणत्या खात्यात मांडावयाचा, हे मात्र आपल्यापैकी फार थोड्यांस ठाऊक असते. प्रस्तुत लेखाचा हेतू एवढाच आहे.

प्रथम मूळ तत्त्व ध्यानात घेतले पाहिजे. पूर्वी कामावर जखमी झालेल्या मजुरास मालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागे, आणि ते त्यास बहुधा साधत नसे. शेजारच्या मजुराच्या चुकीने अपघात झाला असे दाखविले, की मालक सुटत असे. जर्मनीने १८८४ साली अपघात विम्याचा कायदा करून आणि इंग्लंडने १८९७ साली भरपाईचा कायदा करून ही रीत बदलली. आपल्याकडे १९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा १ जुलै १९२४ पासून अमलात आला. त्याचे सूत्र असे की, कामामुळे व काम चालू असताना अपघाताने इजा झाली, म्हणजे भरपाई देणे मालकाकडे लागते. चूक कोणाची हा प्रश्न मुळी उद्भवतच नाही. व्यापाऱ्याच्या भाषेत बोलावयाचे तर, ज्याप्रमाणे तुटलेल्या पोत्यातील घट ही धंद्याच्या खर्चात धरली जाते, त्याप्रमाणे माणसाची इजाही त्या कामाच्या खर्चात धरली गेली. माणसाची तुलना पोत्याशी करणे मनास रुचत नाही. तथापि आपणांस समजावे म्हणून केली.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून हा जुना कायदा जाऊन त्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० आली आहे. बांधकाम मजुरांच्या सुरक्षिततेचा १९९६ चा कायदाही त्याच दिवशी नव्या संहितेत विलीन झाला. नावे व कलमांचे आकडे बदलले. पण भरपाईचे सूत्र आणि मोजणीची रीत जुनीच राहिली आहे. ती रीत प्रत्येकाने एकदा कागदावर करून पाहावी, अशी माझी विनंती आहे.

मृत्यू झाल्यास मासिक वेतनाच्या निम्मी रक्कम घ्यावयाची आणि वयाप्रमाणे ठरलेल्या गुणकाने तिला गुणावयाचे. कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास निम्म्याऐवजी शेकडा साठ धरावयाचे. गुणक वीस वर्षांच्या मजुरास २२४, तीस वर्षांच्यास २०७.९८, चाळीस वर्षांच्यास १८४.१७, पन्नास वर्षांच्यास १५३.०९ असा उतरत जातो. समजा, तीस वर्षांचा गवंडी महिना रु. १२,००० मिळवीत होता. तो दगावला तर रु. ६,००० गुणिले २०७.९८, म्हणजे रु. १२,४७,८८० होतात. तो जगला, पण जन्माचा पांगळा झाला, तर रु. ७,२०० गुणिले तोच आकडा, म्हणजे रु. १४,९७,४५६. मेलेल्यापेक्षा पांगळ्यास अधिक का, असे मला एकाने विचारले होते. उत्तर सोपे आहे. पांगळ्यास स्वतःलाही खावे लागते.

हाताचा अंगठा गेला तर मिळकतीची शक्ती शेकडा तीस घटली असे अनुसूचीच सांगते, एक डोळा गेला तर शेकडा चाळीस; त्या प्रमाणात वरील रकमेचा भाग द्यावयाचा. वरील गवंड्याच्या अंगठ्याचे सुमारे साडेचार लाख रुपये होतात. अनुसूचीत न बसणाऱ्या इजेचे प्रमाण डॉक्टर ठरवितो. इजा तात्पुरती असेल, पण तीन दिवसांहून अधिक काळ काम बुडविणारी असेल, तर दर पंधरवड्यास मासिक वेतनाचा चौथा हिस्सा, फार तर पाच वर्षेपर्यंत देत राहावे लागते.

येथे एका निकालाची हकीकत सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. ओरिसातील जेपूर गावी १९६८ साली एका चित्रपटगृहात नक्षीचे काम करीत असता एक सुतार खाली पडला व त्याचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला. मालक म्हणे, हात एकच गेला आहे, तेव्हा अपंगत्व अंशतः धरावे. सर्वोच्च न्यायालयाने १९७५ साली हे म्हणणे फेटाळले. सुतारकाम एका हाताने होत नाही. सबब त्या माणसापुरते अपंगत्व पूर्णच होय. हात किती इंच कापला हे न मोजता त्या हाताने तो माणूस काय मिळवीत होता हे मोजावे, असा या निकालाचा आशय आहे. त्याच निकालात दुसरीही गोष्ट ठरली: भरपाई देणे लागते ते अपघाताच्या दिवसापासून, न्यायाधिकाऱ्याने आकडा ठरविल्याच्या दिवसापासून नव्हे. वाट पाहत बसलेल्या मालकावर व्याज चढते आणि निमित्तावाचून उशीर केल्यास मूळ रकमेच्या निम्म्यापर्यंत दंडही बसतो. त्या सुताराची भरपाई रु. ९,८०० होती. आज आकडा लहान वाटतो, पण त्यासाठी सात वर्षे खटला चालला.

आता आपल्या जिव्हाळ्याचा प्रश्न. मालक कोण? आपले बहुतेक बंधू म्हणतात, "आम्ही ठेका दिला, आमचा संबंध संपला." हे म्हणणे निम्मेच खरे आहे. कायद्याचा नियम असा की, एखाद्याने आपल्या धंद्याचा नेहमीचा भाग असलेले काम ठेकेदाराकडून करून घेतले, तर मजूर ठेकेदाराचा असला तरी भरपाई मूळ मालकाकडे मागता येते. मालकाने ती देऊन मग ठेकेदाराकडून वसूल करावी. म्हणून इमारती बांधून विकणारा बिल्डर ठेकेदाराच्या आड लपू शकत नाही. त्याचप्रमाणे पोती चढविणे-उतरविणे हा धान्याच्या धंद्याचा नित्याचाच भाग असल्यामुळे, गोदामात थप्पी कोसळून हम्माल दबला, तर "तो मुकादमाचा माणूस होता" ही सबब आपणांस तारणारी नाही. मात्र धान्याच्या व्यापाऱ्याने गोदाम बांधण्याचे संपूर्ण काम खऱ्याखुऱ्या ठेकेदारास दिले असेल, तर बांधकाम हा त्याचा धंदा नसल्यामुळे जबाबदारी ठेकेदाराची ठरते.

कज्जा सुरू होतो तो यापुढे. आपल्याकडे संपूर्ण ठेका देतो कोण? सिमेंट, वाळू, सळई आपण आणतो. मिस्त्री "लेबर रेट"वर माणसे आणतो. शनिवारी मजुरी आपल्या गल्ल्यातून जाते आणि परांची कोठे बांधावी हेही शेठजीच उभे राहून सांगतात. अशा वेळी तो मिस्त्री ठेकेदार की आपला नोकर, हे कागदावरून न ठरता प्रत्यक्ष व्यवहारावरून ठरते. पूर्वी मालकाच्या धंद्याशी संबंध नसलेल्या तात्पुरत्या कामावरचा रोजंदारी माणूस या कायद्याबाहेर होता. २००० सालच्या दुरुस्तीने तो अपवाद काढून टाकला. त्यामुळे चार दिवसांचा मजूर म्हणून हात झटकण्याची सोय उरलेली नाही.

"तो प्यालेला होता" हे तर प्रत्येक अपघातानंतरचे पहिले वाक्य. मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले असेल तर हा बचाव मालकास मुळीच मिळत नाही. लहान इजेच्या बाबतीत मिळतो, पण सिद्ध करण्याचा भार मालकावर असतो.

दुसरी चाल अधिक वाईट आहे, आणि ती मी आपल्याच समाजात पाहिली आहे. अपघात होतो, जखमी माणूस सरकारी इस्पितळात असतो, बायको बाहेर बाकावर बसलेली असते. तिच्या हाती दहा-वीस हजार ठेवून स्टँपपेपरवर अंगठा घेतला जातो, की आता आमचे काही मागणे राहिले नाही. असा करार कायद्याने रद्दबातल आहे. मृत्यूच्या प्रकरणात तर भरपाईची रक्कम सक्षम अधिकाऱ्याकडेच भरावी लागते. परस्पर दिलेले पैसे भरपाई म्हणून धरले जात नाहीत, तातडीची उचल म्हणून तीन महिन्यांच्या वेतनापर्यंत काय ती वजा मिळते. तेव्हा अंगठा घेणारा स्वतःचेच पैसे पाण्यात टाकतो. पण कायद्याचे राहू द्या. अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत बंध, वध आणि छविच्छेद यांच्या पंक्तीस अतिभारारोपण व अन्नपाननिरोध हेही दोष सांगितले आहेत. आपण ते प्रतिक्रमणात म्हणतो, आणि मनात बैल व घोडे आणतो. डोक्यावर विटांची घमेली घेऊन शिडी चढणारी बाई त्यात येत नाही काय? जिच्या घरचा मिळवता हात गेला, तिला भरपाई नाकारणे हा अन्नपाननिरोध नव्हे काय?

आपल्या धार जिल्ह्याशी निगडित असलेले एक प्रकरण येथे सांगणे अगत्याचे आहे. ते बांधकामावरील नसले तरी त्याच मजुरांचे आहे. धार, झाबुआ व अलीराजपूर येथील कित्येक आदिवासी गुजरातेत गोध्रा-बालासिनोरकडील गारगोटी दळण्याच्या कारखान्यांत कामास गेले व फुप्फुसांत धूळ भरून सिलिकोसिसने मरण पावले. त्यांच्याजवळ हजेरीपत्रक नव्हते, मालकाचे नाव लिहिलेला कागद नव्हता, आणि रोग घरी परतल्यावर प्रकट झाला. २०१० साली राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २३८ मृतांच्या वारसांस प्रत्येकी रु. ३ लाख द्यावेत अशी शिफारस केली. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली गुजरात सरकारास ते देण्याचा आदेश दिला. म्हणजे कारखानदारांचा नफा कारखानदारांकडे आणि भरपाई सरकारी तिजोरीतून! कामाच्या रोगासही अपघाताप्रमाणेच भरपाई आहे, हे त्या मजुरांस वेळीच कोणी सांगितले असते तर निदान मागणी तरी योग्य दारी गेली असती.

बांधकामावरील मृत्यू बहुधा ठराविक कारणांनीच होतात: उंचीवरून पडणे, खोदलेल्या चरीची माती ढासळणे, विजेचा धक्का आणि कच्चा स्लॅब कोसळणे. ऑगस्ट २०२४ मध्ये येथून जवळच इंदूर जिल्ह्यातील चोरल येथे बांधकाम चालू असलेल्या फार्महाऊसचे छत कोसळून, त्याखाली झोपलेले पाच मजूर दगावले. पुण्यात कोंढवा येथे जून २०१९ मध्ये संरक्षक भिंत मजुरांच्या झोपड्यांवर पडून पंधरा जण गेले. दोन्ही ठिकाणी माणसे काम करीत नव्हती, झोपली होती. मजुरास राहावयास जागा न दिल्यामुळे तो नव्या स्लॅबखाली किंवा भिंतीच्या आडोशास निजतो, आणि ही गोष्ट आपण रोज पाहत असूनही आपणांस ती धोक्याची वाटत नाही. अशा प्रसंगी भरपाईखेरीज फौजदारी जबाबदारीही येते. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली निष्काळजीपणाने मृत्यू घडविल्यास पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि इमारत बांधताना वा पाडताना निष्काळजीपणा केल्याबद्दल कलम २९० निराळे आहे.

कामावर येता-जाता झालेल्या अपघाताचा वाद जुना आहे. धाराशीव जिल्ह्यातील एका साखर कारखान्याचा रखवालदार २००३ साली पहाटे पाळीवर जाताना वाटेत अपघातात मरण पावला. त्याच्या घरच्यांचा दावा बावीस वर्षांनी, जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला. नव्या संहितेत तर घर ते काम या प्रवासातील अपघात, कामाशी त्याची वेळ-जागा जुळत असल्यास, कामावरीलच मानावा असे स्पष्ट म्हटले आहे.

मालकाच्या दृष्टीने यावर उपाय विम्याचा. भरपाईच्या जबाबदारीची पॉलिसी सर्वसाधारण विमा कंपन्या देतात. हप्ता मजुरीच्या बेरजेवर ठरतो, तेव्हा मजुरी कमी दाखवून हप्ता वाचविणाऱ्याने पुढे तक्रार करू नये. उशिराबद्दलचा दंड मात्र विमा कंपनी सोसत नाही. १९९७ साली वाहन-विम्याच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मुद्दल व व्याज कंपनीचे आणि दंड मालकाचा, असा भेद केला आहे. याशिवाय बांधकामाच्या खर्चावर किमान शेकडा एक उपकर मजुरांच्या कल्याण मंडळासाठी द्यावा लागतो. दहापेक्षा कमी मजुरांचे काम आणि पन्नास लाखांपर्यंतचे स्वतःचे राहते घर यांस तो नाही. भरपाईच्या जबाबदारीस मात्र असली सूट नाही. ज्या मजुराने वर्षात नव्वद दिवस बांधकामावर काम केले, त्याची मंडळाकडे नोंदणी होऊ शकते व मंडळाची मदत मालकाच्या भरपाईहून वेगळी मिळते. नव्वद दिवसांचा दाखला देण्यास शेठजींचे एक सहीएवढेच श्रम पडतात, तेही आपण टाळतो.

जखमी मजुराने वा त्याच्या घरच्यांनी काय करावे? इस्पितळात दाखल होताना "कामावर पडून इजा" असे कागदावर लिहवून घ्यावे, कारण "घरी पडला" अशी नोंद झाली की पुढचा सारा मार्ग अवघड होतो. मृत्यू असल्यास पोलिसांचा पंचनामा व शवविच्छेदनाचा अहवाल मिळवावा. मजुरी दिल्याच्या नोंदी, मोबाईलवर आलेले पैसे, बरोबरच्या दोन मजुरांची नावे, कामाच्या जागेचे छायाचित्र, यांपैकी जे मिळेल ते जपावे. मालकास लेखी सूचना द्यावी. दावा अपघातापासून दोन वर्षांच्या आत दाखल झाला पाहिजे. २१ नोव्हेंबर २०२५ पूर्वीचा अपघात असेल तर तो जुन्या कायद्याखाली चालेल. राज्य विमा योजनेचा सभासद असलेल्या मजुरास मालकाऐवजी त्या योजनेतून वेतनाच्या शेकडा नव्वद प्रमाणे लाभ मिळतो, दोन्ही मिळत नाहीत. तसेच याच अपघाताचा दिवाणी दावा आणि ही भरपाई, यांपैकी एकच मार्ग घेता येतो. दिवाणीत मालकाची चूक सिद्ध करावी लागते, म्हणून गरिबाने सहसा तिकडे जाऊ नये. वकिलाचा खर्च हा अडथळा नाही. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, अपंग आणि औद्योगिक कामगार यांस १९८७ च्या कायद्याप्रमाणे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील विनामूल्य मिळतो. प्राधिकरणाचे कार्यालय धार व देवास दोन्ही ठिकाणी न्यायालयाच्या आवारात आहे, आणि दूरध्वनीवर १५१०० हा क्रमांक देशात कोठूनही लागतो. हा क्रमांक आपल्या चालू कामाच्या फाटकावर, सिमेंटच्या हिशेबाच्या फळीशेजारी, हिंदीत मोठ्या अक्षरांत लिहून ठेवण्यास चुना आणि कुंचला यांपलीकडे काही लागत नाही.