हा गुण नेमका कशाचा?

नळदुर्गच्या पाणीमहालावरून बोरी नदी कोसळायला लागली, की जिल्ह्यातले सगळे कॅमेरे तिकडे धावतात. नर-मादी धबधब्याचा फोटो ऑनलाइन टाकला, की लाइकचा पाऊस पडतो आणि स्कोअर चढतो. त्याच आठवड्यात तेरच्या त्रिविक्रम मंदिराचा फोटो टाका. विटांची ती प्राचीन, मागून अर्धगोल वास्तू महाराष्ट्रात दुर्मिळ, पण कुणी ढुंकून पाहत नाही. मी तुळजापुरात लग्नाच्या ऑर्डरी घेतो आणि सवड मिळाली, की किल्ले, लेणी, बारवा टिपत फिरतो. हौशी मुलं फोटो दाखवायला येतात, तेव्हा फोटोच्या आधी स्कोअर दाखवतात. मी त्यांना विचारतो, हा गुण नेमका कशाचा आहे?

कारण प्रत्येक ठिकाणी तो वेगळ्या गोष्टीचा असतो. गूगल मॅप्सवर लोकल गाइड म्हणून फोटो टाकला, की ५ गुण मिळतात, परीक्षण लिहिलं की १०. पहाटे उठून धाराशिव लेण्यांवर कोवळ्या उन्हाची वाट पाहिलेल्या फोटोला ५, आणि चालत्या गाडीतून काढलेल्या हललेल्या फोटोलाही ५च. १ लाख गुणांना दहावी पातळी येते. ती पातळी चिकाटी सांगते, नजर सांगत नाही. ५००पीएक्सवरचा ‘पल्स’ शंभरपैकी असतो. ताज्या फोटोला पसंती मिळेल तसा तो भराभर चढतो आणि पुढे आपोआप उतरतो. उतरला म्हणजे फोटो बिघडला, असं समजून मुलं चांगली चित्रं काढून टाकतात, ते पाहून जीव तुटतो. आपल्याकडे दुपार असते तेव्हा अमेरिका झोपलेली असते. पहिल्या काही तासांत पाहणारेच नसले, तर अंक चढणार कसा? फ्लिकरच्या ‘एक्सप्लोर’मध्ये दिवसाला साधारण ५०० फोटो निवडले जातात, पण निवडीचं गणित कुणाला सांगितलेलं नाही. तिथे नंबर लागला तर आनंद माना, नाही लागला तर त्यातून आपल्या फोटोबद्दल कसलाही निष्कर्ष काढू नका.

स्टॅक एक्स्चेंजच्या फोटोग्राफी विभागात तर फोटोला गुण नाहीतच, उत्तराला आहेत. उत्तर आवडलं तर १०, विचारणाऱ्याने स्वीकारलं तर १५, नापसंतीला २ वजा. मतांतून दिवसाला २००च्या वर गुण मिळत नाहीत. गुण वाढतील तसे अधिकार वाढतात, ५० झाले की कुणाच्याही उत्तराखाली टिप्पणी करता येते. मला ही पद्धत सगळ्यांत प्रामाणिक वाटते. कमी उजेडाच्या मंगल कार्यालयात फ्लॅश छताकडे का वळवायचा, हे नीट समजावून सांगणाऱ्याला तिथे मान मिळतो.

आता धोक्याचं सांगतो. ‘तू माझ्या फोटोला मत दे, मी तुझ्या’ असे ग्रुप असतात. मलाही त्यांची आमंत्रणं आली, मी गेलो नाही. ओळखीतला एक गुणी मुलगा गेला. ठरावीक खाती एकमेकांनाच मतं देतात, हे यंत्रणेच्या लक्षात आलं. मतं रद्द झाली आणि थोड्याच दिवसांत त्याचं खातं बंद पडलं. स्कोअर गेला याचं मला काही वाटलं नाही. पण परंडा किल्ल्याचे त्याचे कितीतरी फोटो फक्त त्या खात्यावर होते. मोबाइलमधली जागा भरली म्हणून मूळ फाइली त्याने पुसल्या होत्या.

दुसरा प्रकार माझ्याच वाट्याला आला. माझा धबधब्याचा फोटो कुणीतरी कडा छाटून, कोपऱ्यातलं माझं नाव उडवून स्वतःच्या खात्यावर टाकला आणि माझ्यापेक्षा जास्त पसंती मिळवली. माझ्याकडे कॅमेऱ्यातली मूळ रॉ फाइल होती. छाटलेल्या कडांचा भागही तिच्यात होता. ती दाखवली, तेव्हा तो फोटो हटवला गेला. भारतीय कायद्यात फोटोचा स्वामित्वहक्क नोंदणी न करताही मिळतो आणि फोटो काढणाऱ्याच्या हयातीत व त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. (ऑर्डर घेऊन काढलेल्या फोटोंचा हक्क मात्र, वेगळा करार नसेल तर, ग्राहकाचा असतो. लग्नवाल्यांनी हे विसरू नये.) पण हक्क सिद्ध करायला मूळ फाइल हाताशी लागते. म्हणून कार्ड पुसण्याआधी दोन वेगवेगळ्या डिस्कवर प्रत ठेवा आणि फाइलच्या नावातच गाव, वास्तू, तारीख लिहा.

तेर, परंडा, येडशीचं रामलिंग अशा ठिकाणांसाठी मी मुलांना विकिमीडिया कॉमन्सकडे पाठवतो. तिथे ‘दर्जेदार चित्र’ हा शिक्का मिळवायला फोटो किमान २ मेगापिक्सेलचा लागतो. फोकस, उजेड, सरळ रेषा पाहून दुसरा सदस्य निकाल देतो आणि चूक असेल तर ती लिहून सांगतो. ‘खांब डावीकडे कलले आहेत’ या एका वाक्यातून मुलगा जे शिकतो, ते शंभर लाइकमधून शिकत नाही. शिवाय तेरचा इतिहास लिहिणाऱ्या कुणालाही तो फोटो वापरता येतो. या गावाचा ‘तगर’ म्हणून उल्लेख ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात आहे, तेव्हा लिहिणारे जगभर आहेत.

मात्र टाकण्याआधी परवाना वाचा. कॉमन्सवर एकदा दिलेला मुक्त परवाना परत घेता येत नाही, आणि नाव देऊन कुणीही त्या फोटोचा व्यापारी उपयोगही करू शकतो. जो फोटो उद्या कॅलेंडरसाठी विकायचा आहे, तो तिथे टाकू नका. तेरच्या लामतुरे संग्रहालयातल्या वस्तूंचे फोटो घ्यायचे असतील, तर आधी तिथल्या कर्मचाऱ्यांना विचारा. आणि नवरा-नवरीचे, घरच्या माणसांचे फोटो त्यांची परवानगी घेतल्याशिवाय कुठल्याही खात्यावर चढवू नका, मग त्यांना कितीही गुण मिळणार असोत.